स्टुडिओसाठी कॉम्प्युटर घेताय? आधी तुमची फाइल कुठे जाते ते बघा



फोटो, व्हिडिओ आणि डिझाइनच्या कामासाठी कॉम्प्युटर कसा निवडायचा, या विषयावरच्या व्हिडिओत वेळेअभावी बरंच राहून गेलं. ते इथे सविस्तर लिहितोय. चहा घेऊन बसा, लेख थोडा मोठा आहे. पण लाख-सव्वा लाखाचा प्रश्न आहे, घाईने वाचू नका.

उदाहरण मुद्दाम पडघ्याचं घेतलंय. मुंबई-नाशिक महामार्गावरचं भिवंडी तालुक्यातलं हे गाव. आजूबाजूला गोदामंच गोदामं आणि त्यांच्या पलीकडे शेती-वाड्यांची खेडी. अशा गावातल्या स्टुडिओत काय काय चालतं? पासपोर्ट फोटो, लग्नपत्रिका, वाढदिवसाचा बॅनर, साखरपुडा-हळद-लग्नाचं शूटिंग, त्याचा अल्बम, आणि हल्ली रील्स. मुंबईत या प्रत्येक कामाला वेगळा माणूस आणि वेगळं मशिन असतं. इथे एकच माणूस आणि एकच कॉम्प्युटर. मुंबईच्या मोठ्या एडिटरने सांगितलेलं मशिन तुम्हाला जसंच्या तसं लागू पडत नाही ते याचमुळे.

आता "मॅक घेऊ की विंडोज?" हा प्रश्न. मला विचाराल तर तो दुसऱ्या नंबरचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा: तुमच्याकडून निघालेली फाइल पुढे कोणाकडे जाते? पत्रिकेची फाइल प्रेसवाल्याकडे जाते. बॅनरची फ्लेक्सवाल्याकडे. अल्बमची कलर लॅबला. लग्नाचा कच्चा डेटा कधी मिक्सिंगवाल्याकडे, तर तयार व्हिडिओ पेनड्राइव्हवर घालून पार्टीच्या हातात. म्हणजे तुम्ही एकटे नाही, साखळीतली एक कडी आहात. बाकीच्या कड्या ज्यावर चालतात त्यावर तुमचं मशिन चाललं पाहिजे. म्हणून एक कागद घ्या, गेल्या तीन महिन्यांतली कामं लिहा, प्रत्येकापुढे फाइल कोणाकडे आणि कुठल्या रूपात गेली ते लिहा, आणि शेवटी त्यातून पैसे किती आले ते लिहा. हा कागद झाल्याशिवाय दुकानात पाऊल टाकू नका.

पत्रिका आणि बॅनर: इथे निर्णय फॉन्ट घेतो

आपल्याकडे छपाईच्या धंद्यात विंडोज इतकं घट्ट का बसलंय, हे समजून घ्या. युनिकोड सर्रास वापरात येण्याआधी मराठी टाइप करायचं तर श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम अशी सॉफ्टवेअर घ्यावी लागत. श्रीलिपी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची. प्रत्येकाची अक्षरं ठेवायची पद्धत वेगळी. एकाच्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर दुसऱ्याच्या मशिनवर उघडला की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसायची. मग प्रेसवाल्याकडे जे, तेच डिझायनरने घ्यायचं, आणि डिझायनरकडे जे, तेच नव्या पोराने शिकायचं. ही सगळी साखळी विंडोज, पेजमेकर आणि कोरलड्रॉ यावर उभी राहिली. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७.०, ती आली २००१ साली. पण जुन्या फायलींमुळे अजूनही काही प्रेसमध्ये एखादं मशिन त्यासाठी जपून ठेवलेलं दिसतं.

विंडोजमध्ये युनिकोड मराठीची सोय आली ती मंगल फॉन्टबरोबर. तो फॉन्ट केला आपल्या र. कृ. जोशींनी, सुलेखनकार आणि जाहिरात क्षेत्रातला फार मोठा माणूस. आज एक टाइप या मुंबईच्या संस्थेचे मुक्त, बालू असे सुंदर फॉन्ट फुकट मिळतात. टिरो देवनागरी हा फॉन्ट तर मराठीसाठी, हिंदीसाठी आणि संस्कृतसाठी वेगवेगळा बनवलेला आहे, कारण आपला 'ल' आणि 'श' हिंदीपेक्षा वेगळा. हे सगळे फॉन्ट मॅकवरही तितकेच छान चालतात. म्हणजे नवीन काम युनिकोडमध्ये करणार असाल, तर मराठीसाठी विंडोजच हवं असं आता राहिलेलं नाही.

मग अडतं कुठे? दोन ठिकाणी. एक, कोरलड्रॉची फाइल. कोरलड्रॉ मॅकवर बरीच वर्षं नव्हतं, २०१९ मध्ये पुन्हा आलं. आता मॅकसाठीही मिळतं, पण तुमचा प्रेसवाला जुनी आवृत्ती वापरत असेल तर फाइल देताना तुम्हालाच आवृत्ती खाली उतरवून, अक्षरांचे कर्व्ह करून द्यावी लागणार. (हे विंडोजवरही करावंच लागतं. सवयच लावून घ्या.) दुसरी अडचण मोठी आहे: यूएसबी लॉक. जुनी मराठी सॉफ्टवेअर पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या लॉकवर चालतात. आताच्या मॅकमध्ये ॲपलची स्वतःची चिप असते, इंटेलची नाही. त्यावर बूट कॅम्प करून विंडोज टाकता येत नाही. पॅरलल्स वापरून विंडोज चालवता येतं, पण ते एआरएम जातीचं विंडोज असतं. त्यावर साधे प्रोग्राम चालून जातात, लॉकचा ड्रायव्हर मात्र खास त्याच्यासाठी बनवलेला असावा लागतो. तो नसेल तर लॉक लागणार नाही, आणि लॉक लागला नाही तर सॉफ्टवेअर उघडणार नाही. दहा वर्षांच्या पत्रिका त्या सॉफ्टवेअरमध्ये पडून असतील तर मॅक घेण्याआधी सॉफ्टवेअरच्या डीलरला फोन करून नेमकं विचारा. हीच गोष्ट २०२४ पासून आलेल्या स्नॅपड्रॅगनच्या विंडोज लॅपटॉपनाही लागू आहे. दिसतो विंडोज, पण आतली चिप एआरएमची. ऑफर चांगली दिसली म्हणून उचलू नका.

बॅनरला मशिन किती ताकदीचं लागतं, याचा हिशेब करूया. १० बाय ८ फुटांचा फ्लेक्स, ७२ डीपीआयला, पूर्ण मापात. १२० इंच गुणिले ७२ म्हणजे ८,६४० पिक्सेल, ९६ इंच गुणिले ७२ म्हणजे ६,९१२. गुणाकार साधारण ६ कोटी पिक्सेल. सीएमवायकेमध्ये एका पूर्ण लेयरला २४० एमबीच्या आसपास. मागे देवाचा फोटो, पुढे साहेब, खाली वीस कार्यकर्त्यांचे चेहरे, असे लेयर चढत गेले की ८ जीबी रॅमचं मशिन धापा टाकायला लागतं. १६ जीबीवर आरामात होतं. महागडं ग्राफिक कार्ड या कामाला लागत नाही. दुकानदार "गेमिंग पीसी घ्या, डिझाइनला मस्त" म्हणेल, त्याला हसून नको म्हणा.

अल्बम: पैसे स्क्रीनवर घाला

लग्नाच्या अल्बमचं नेहमीचं पान १२ बाय ३६ इंच. ३०० डीपीआयला ते ३,६०० बाय १०,८०० पिक्सेल होतं, म्हणजे जवळपास ३ कोटी ८९ लाख पिक्सेल. आरजीबीत एक पूर्ण लेयर ११७ एमबीच्या आसपास. दहा लेयरचं पान असलं की एकट्या पानाला गिगाबाइटच्या वर जागा. अशी चाळीस पानं. इथेही १६ जीबी ही खालची मर्यादा धरा, ३२ असेल तर पानं पटापट उलटता येतील.

पण अल्बममध्ये खरा मार बसतो तो रंगात. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत '४५ टक्के एनटीएससी' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, लॅबला जे रंग छापायचे आहेत त्यातले बरेच त्या पडद्यावर दिसतच नाहीत. हळदीचा पिवळा फिका दिसतो, म्हणून तुम्ही सॅच्युरेशन वाढवता. लॅबमधून अल्बम येतो तेव्हा नवरी केशरी झालेली असते. शालूचा रंग बदलला की नवरीची आई ओळखते, आणि बाकीचे पैसे तिथेच अडकतात. चाळीस पानं पुन्हा छापायची म्हणजे त्या लग्नातली कमाई गेली. स्क्रीन घेताना '१०० टक्के एसआरजीबी' आणि 'आयपीएस' हे दोन शब्द बघा. लॅपटॉप चालू ठेवायचा असेल तरी बाहेरून चांगला मॉनिटर जोडता येतो. कॉम्प्युटर बदलण्याऐवजी नुसता मॉनिटर घेतल्याने काम सुधारलं असं या धंद्यात पुष्कळदा होतं.

फोटोशॉपमध्ये मराठी जोडाक्षरं तुटत असतील तर मशिन बदलू नका. जरा जुनी आवृत्ती असेल तर प्रेफरन्सेसमध्ये टाइपच्या पानावर जाऊन 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि त्यासाठी लोक अख्खं सॉफ्टवेअर पुन्हा टाकून घेतात!

मॅकचा पडदा चांगला असतो का? असतो. मॅकबुकचा रंग विश्वासाचा असतो आणि अल्बमच्या माणसाला ते सुख नक्की मिळतं. पण त्याच पैशांत विंडोज डेस्कटॉप आणि चांगला आयपीएस मॉनिटर येत असेल, तर हे एकच कारण पुरेसं नाही.

लग्नाचा व्हिडिओ: इथे चूक महाग पडते

आमच्या ठाणे-रायगड पट्ट्यात, विशेषतः आगरी समाजात, हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठा कार्यक्रम. रात्र चढत जाते, डीजे थांबत नाही, आणि पार्टीला सगळं शूटिंग हवं असतं. दोन कॅमेरे, प्रत्येकी सहा तास. ४के रेकॉर्डिंग १०० एमबीपीएसने केलं तर सेकंदाला साडेबारा एमबी, तासाला ४५ जीबी. बारा तासांचे ५४० जीबी. हे झालं फक्त हळदीचं. साध्या हार्डडिस्कचा वेग सेकंदाला १५० एमबी धरला, तर हा डेटा नुसता कॉपी करायलाच एक तास. म्हणून काम करायची ड्राइव्ह एनव्हीएमई एसएसडी हवी, निदान १ टीबीची. मोठी हार्डडिस्क हवी ती साठवणीला, आणि तीही एक नाही, दोन. लग्न पुन्हा लागत नाही.

आता सॉफ्टवेअर. आपल्याकडच्या लग्नाच्या मिक्सिंगमध्ये एडियसचा मोठा पगडा आहे. एडियस फक्त विंडोजवर चालतं. मॅकवर नाही. तुम्ही स्वतः एडियसवर काम करत असाल, किंवा तुमचा मिक्सिंगवाला प्रोजेक्टची फाइल एडियसमध्ये मागत असेल, तर मॅक की विंडोज हा वाद तुमच्यापुरता मिटला. उलट फायनल कट प्रो मॅकवर चालतं, विंडोजवर नाही. प्रीमियर आणि दाविंची रिझॉल्व्ह दोन्हीकडे चालतात. दाविंची फुकटही मिळतं. चोरीच्या सॉफ्टवेअरवर धंदा उभा करण्यापेक्षा ते शिकून घ्या. सीझनच्या मध्यात क्रॅकसोबत व्हायरस आला आणि तीन लग्नांचा डेटा लॉक झाला, तर तक्रार करायलाही तोंड राहत नाही.

विंडोज घेणार असाल तर प्रोसेसरच्या नावातल्या शेवटच्या अक्षराकडे बघा. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरमध्ये क्विक सिंक नावाची सोय असते. कॅमेऱ्याचा दाबून भरलेला व्हिडिओ उलगडायचं काम ती करते. एडियसला तिचा चांगला फायदा होतो. पण नावापुढे 'एफ' असलेल्या प्रोसेसरमध्ये, उदाहरणार्थ १२४००एफ, आतलं ग्राफिक काढून टाकलेलं असतं, आणि त्यासोबत क्विक सिंकही गेलेलं असतं. तो थोडा स्वस्त मिळतो, म्हणून असेंबल करणारे कोटेशनमध्ये तोच घालतात. गेम खेळणाऱ्याला काही फरक पडत नाही. तुम्हाला पडतो. कोटेशनवर पेनाने खूण करा: 'एफ नको'.

नवीन मिररलेस कॅमेरे १०-बिट ४:२:२ मध्ये शूट करतात. असा एचईव्हीसी व्हिडिओ इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या क्विक सिंकवर आणि ॲपलच्या एम मालिकेवर गुळगुळीत चालतो. एनव्हिडियाच्या कार्डांमध्ये मात्र ही सोय आरटीएक्स ५० मालिकेत, म्हणजे २०२५ मध्ये आली. त्याआधीचं कितीही महाग कार्ड असलं तरी हा प्रकार त्याच्याकडे नव्हता. म्हणून 'मोठं कार्ड लावलं तरी अडकतं' ही तक्रार ऐकू आली की आधी कॅमेऱ्याची सेटिंग विचारा.

मग ग्राफिक कार्ड लागतं कशाला? आपल्या हळदीलाच! रात्रीचं शूटिंग, मांडवात पिवळे दिवे, डीजेचे लाल-निळे झोत. कॅमेऱ्याचा आयएसओ चढलेला, चित्रात दाणे. ते साफ करायचं म्हणजे नॉइज रिडक्शन, आणि ते काम कार्डाला घाम फोडतं. दाविंचीच्या फुकट आवृत्तीत ही सोय नाही, स्टुडिओ आवृत्तीत आहे. तुमचं अर्धं उत्पन्न हळदीच्या रात्रीच्या शूटिंगमधून येत असेल तर ८ जीबी मेमरीच्या कार्डावर पैसे घाला. दिवसाउजेडी लग्नं, साखरपुडे, बारशी हेच काम असेल तर ते पैसे वाचवून त्यातून लाइट घ्या. मांडवात एक चांगला लाइट लावला तर एडिटिंगचा निम्मा त्रास तिथेच संपतो.

आणखी एक हिशेब सांगतो, हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कॉम्प्युटरचा वेळ दोन प्रकारचा असतो. एक, तुम्ही माउसवर हात ठेवून वाट बघता तो. दुसरा, रात्री एक्सपोर्टला लावून तुम्ही झोपता तो. दुकानदार दाखवतो तो दुसरा: "हा बघा, एक्सपोर्ट निम्म्या वेळात!" पण रात्री तीन तास लागले काय आणि सहा लागले काय, सकाळी फाइल तयारच असते. पैसे पहिल्या प्रकारच्या वेळेसाठी द्या. समजा टाइमलाइन अडकल्यामुळे एका लग्नामागे चार तास नुसते बघत बसण्यात जातात. सीझनला पंचवीस लग्नं धरली तर शंभर तास. आठ तासांचा दिवस धरला तर बारा दिवस भरतात. त्या बारा दिवसांत तुम्ही किती अल्बम बनवले असते, ते तुम्हीच मोजा.

आणि हा अडकण्याचा त्रास फुकटातही कमी होतो. प्रॉक्सी करा. म्हणजे मोठ्या फायलींच्या हलक्या प्रती रात्री बनवायला लावायच्या, दिवसा त्यांच्यावर कापाकापी करायची, शेवटी एक्सपोर्ट मूळ फायलींवरून. एडियस, प्रीमियर, दाविंची, फायनल कट, सगळ्यांत ही सोय आहे. नवीन मशिनची घाई असेल तर आधी पंधरा दिवस प्रॉक्सीवर काम करून बघा. कदाचित हे वर्ष निघून जाईल.

गोदामवाल्यांचं काम

पडघा-भिवंडी पट्ट्यातले छोटे विक्रेते हल्ली ऑनलाइन माल विकतात. त्यांना पांढऱ्या बॅकग्राउंडवर वस्तूंचे फोटो हवे असतात आणि वीस सेकंदांचे व्हिडिओ. या कामाला चांगला फोन, दोन लाइट आणि १६ जीबी रॅमचा कुठलाही साधा लॅपटॉप पुरतो. कॅनव्हा ब्राउझरमध्ये चालतं, त्याला मॅक असो वा विंडोज, काही फरक पडत नाही. एवढ्याच कामासाठी कोणी लाखाचं मशिन घ्यायला सांगत असेल तर तो तुमचा हितचिंतक नाही.

लॅपटॉप की डेस्कटॉप: विजेला विचारा

पडघ्याचं ४०० केव्हीचं वीज उपकेंद्र राज्याच्या वीजजाळ्यात फार महत्त्वाचं. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई-ठाण्याची वीज गेली, तेव्हा कळवा-पडघा वाहिनीचं नाव सगळ्या बातम्यांत होतं. पण दारात एवढं मोठं उपकेंद्र आहे म्हणून दुकानातली वीज जात नाही असं थोडंच आहे! पावसाळ्यात झटके बसतात, सणाच्या दिवशी व्होल्टेज पडतं. म्हणून हा मुद्दा.

डेस्कटॉप घेतला तर यूपीएस आलाच. दुकानदार ६०० व्हीएचा देतो. ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॉट. ऑफिसच्या मशिनला तो ठीक. मोठं ग्राफिक कार्ड असलेलं मशिन एक्सपोर्टच्या वेळी मॉनिटर धरून त्याच्या वर जाऊ शकतं, आणि मग वीज गेली की यूपीएसही 'टीं' करून जातो. ग्राफिक कार्ड असेल तर निदान १,००० व्हीएचा घ्या आणि कोटेशनमध्ये तो आधीच धरा. दुकानाचं अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर पहिला खर्च इलेक्ट्रिशियनवर.

लॅपटॉपला बॅटरी म्हणजे घरचाच यूपीएस. हॉलवर नेता येतो, कार्ड तिथेच रिकामी करता येतात, रिसेप्शनला सकाळच्या विधींची क्लिप दाखवता येते. पण लॅपटॉपमधलं कार्ड आणि डेस्कटॉपमधलं कार्ड एकाच नावाचं असलं तरी ताकद एक नसते. आरटीएक्स ४०६० लॅपटॉपमध्ये ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही वॉटचं असू शकतं. नाव वाचून नाही, वॉट विचारून घ्या. शिवाय महामार्गाची धूळ. ट्रकच्या रांगा जिथे अहोरात्र चालतात तिथे लॅपटॉपचे पंखे वर्षभरात गच्च होतात, आणि तापलेला लॅपटॉप आपणहून हळू होतो. डेस्कटॉपचं झाकण उघडून ब्लोअर मारता येतो. लॅपटॉप उघडायला माणूस लागतो, आणि वॉरंटीत असेल तर बहुतेक कंपन्यांसाठी कल्याण-ठाणे गाठावं लागतं. सीझनमध्ये चार दिवस मशिन बाहेर असणं तुम्हाला परवडतं का, हे विचारात घ्या.

मॅक मिनी हा एक मधला मार्ग आहे, आणि व्हिडिओ-फोटो हेच मुख्य काम असलेल्यांसाठी मला तो आवडतो. एम४ चिपचा मॅक मिनी २०२४ च्या शेवटी भारतात ५९,९०० रुपयांपासून आला, १६ जीबी मेमरी आणि २५६ जीबी साठवण. पूर्ण ताकदीने चालला तरी तो साधारण ६५ वॉट घेतो, त्यामुळे तोच ६०० व्हीएचा यूपीएस त्याला मॉनिटरसकट पुरतो. पण त्या किमतीत मॉनिटर, कीबोर्ड, माउस काहीच नाही. २५६ जीबी तर एका हळदीलाही पुरत नाही, म्हणजे बाहेरची एसएसडी घ्यावीच लागणार. आणि मेमरी नंतर वाढवता येत नाही. जी घ्याल तीच शेवटपर्यंत. विंडोजच्या असेंबल्ड मशिनमध्ये आज १६, पुढच्या वर्षी ३२ करता येते. ज्याच्याकडे पैसे टप्प्याटप्प्याने येतात त्याला ही सोय फार मोठी आहे.

पैसे कुठून, आणि कधी

लग्नाचा सीझन तुळशीविवाहापासून आषाढी एकादशीच्या आसपासपर्यंत, साधारण आठ महिने. चातुर्मासात काम मंद. म्हणजे कॉम्प्युटर आठ महिने कमावतो आणि हप्ता बारा महिने जातो. समजा ६ हजारांचा हप्ता, १८ महिने. पहिला हप्ता जुलैत सुरू झाला तर त्या १८ महिन्यांत दोन चातुर्मास येतात: आठ मंदीचे महिने, ४८ हजार रुपये खिशातून. पहिला हप्ता नोव्हेंबरात सुरू झाला तर एकच चातुर्मास: २४ हजार. मशिन तेच, व्याज तेच, फक्त महिना बदलला. म्हणून दिवाळीच्या सुमारास घ्या, आणि तुळशीचं लग्न लागेपर्यंतचे दिवस सॉफ्टवेअर बसवायला आणि हात बसवायला ठेवा.

मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत आणि किशोर गटात ५० हजार ते ५ लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. बँकेत जाताना दुकानदाराचं कोटेशन आणि मघाचा तो तीन महिन्यांच्या कामाचा कागद दोन्ही न्या. मॅनेजर तोंडी बोलण्यापेक्षा कागदावर जास्त विश्वास ठेवतो. कार्डावरच्या 'नो कॉस्ट ईएमआय'मध्ये प्रोसेसिंग फी आणि व्याजाच्या भागावरचा जीएसटी धरा, शिवाय रोखीने मिळणारी सूट गेली तीही धरा. तुमचं जीएसटी रजिस्ट्रेशन नियमित असेल, कंपोझिशनचं नसेल, तर कॉम्प्युटरवरच्या १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट मिळतं. त्यासाठी बिलावर दुकानाचं नाव आणि जीएसटी नंबर हवा. घरच्या नावावर बिल फाडलंत की ते गेलं.

जुनं मशिन आहे त्यांच्यासाठी: विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण ८व्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. तुमचा त्यात बसत असेल आणि काम पत्रिका-बॅनरचं असेल, तर एसएसडी टाका, रॅम १६ करा, आणि उरलेल्या पैशांत मॉनिटर घ्या. सेकंडहँड घेतानाही हीच पिढी विचारा.

शेवटचं, खरेदीच्या दिवसाचं. तुम्ही कल्याणला जा की लॅमिंग्टन रोडला, खिशात एक पेनड्राइव्ह किंवा छोटी एसएसडी ठेवा. त्यात तुमच्याच कॅमेऱ्याची रात्रीच्या हळदीची दहा मिनिटांची क्लिप, तुमच्याच अल्बमचं एक भरलेलं पान, आणि एक पत्रिका. सोबत लॉक असेल तर लॉकही. दुकानदाराला म्हणा, ॲडव्हान्स देण्याआधी हे उघडून दाखवा. डेमोचा गुळगुळीत व्हिडिओ नको, माझा दाखवा. टाइमलाइनवर दोन कॅमेरे एकावर एक ठेवून प्ले करा. पडद्यावर शालूचा रंग बघा, आणि अल्बमचं छापलेलं पान बरोबर नेऊन शेजारी धरा. तो "वेळ नाही" म्हणाला, तर शेजारी दुसरं दुकान आहे.